स्थिर काचखिडकीची सांधाबंदी

स्थिर काचखिडकीची सांधाबंदी म्हणजे न उघडणाऱ्या खिडकीतील काच व चौकट, तसेच चौकट व भिंत यांमधील फटींतून पाऊस, वारा, धूळ आणि आवाज आत येऊ नये म्हणून केलेली योजना होय. उघडझाप करणाऱ्या खिडकीत झडप आणि चौकट यांमध्ये ब्रशाची किंवा रबराची हवारोधक पट्टी बसवतात. ही पट्टी झडप उघडताना मोकळी होते व मिटताना पुन्हा दाबली जाते. स्थिर खिडकीत असा हलणारा भाग नसतो. त्यामुळे तिचे सांधे एकदाच आणि कायमचे बंद करता येतील असे वाटते. परंतु खिडकी स्थिर असली तरी तिची काच व चौकट पूर्णपणे निश्चल नसतात. म्हणून सांधाबंदी लवचीक ठेवणे आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट ठेवणे, या दोन तत्त्वांवर तिची रचना आधारलेली असते.

सांध्यावर येणारे ताण

तापमानातील बदलामुळे काच व चौकट यांचे प्रसरण सारखे होत नाही. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढल्यास १ मीटर लांबीची काच सुमारे ०.००९ मिलिमीटर, तर तेवढ्याच लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे ०.०२३ मिलिमीटर वाढते. २ मीटर लांबीच्या खिडकीत तापमानाचा फरक ४० अंश असेल, तर काच सुमारे ०.७ मिलिमीटर व चौकट सुमारे १.८ मिलिमीटर वाढेल. हा १.१ मिलिमीटरचा फरक सांध्याला सोसावा लागतो. तो सर्व एकाच कडेवर आला आणि सांधा केवळ २ मिलिमीटर रुंद असला, तर त्याला आपल्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक ताणले जावे लागेल. ६ मिलिमीटर रुंद सांध्याला मात्र एक पंचमांशाहून कमी. म्हणूनच अतिशय अरुंद सांधा मजबूत दिसला तरी लवकर फाटतो.

वाऱ्याच्या दाबाने काच आत-बाहेर वाकते. शिवाय काचेचे स्वतःचे वजन असते. १ मिलिमीटर जाडीच्या १ चौरस मीटर काचेचे वजन सुमारे २.५ किलोग्रॅम भरते. त्यानुसार २ मीटर × १.५ मीटर आकाराची ६ मिलिमीटर जाड काच सुमारे ४५ किलोग्रॅम वजनाची असते. हा भार सांधाबंदीच्या साहित्यावर टाकला जात नाही. खालच्या खाचेत, दोन्ही टोकांपासून साधारण एक चतुर्थांश अंतरावर, कठीण रबराचे ठोकळे ठेवून काच त्यांवर टेकवतात. त्यामुळे काचेची कड धातूला लागत नाही आणि खालून पाणी वाहून जाण्यास जागा राहते.

साहित्य

पुट्टी : खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेली पुट्टी लाकडी व पोलादी चौकटींत दीर्घकाळ वापरली गेली. लहान चुकांनी काच अडकवून बाहेरून पुट्टीचा उतार देतात. कोऱ्या लाकडाने तेल शोषून घेतल्यास पुट्टी भुसभुशीत होते. म्हणून खाचेला आधी रंगाचा अस्तर-हात देतात. हवेने तेल कठीण होत जाते. लहान काचांच्या खिडकीत हे चालते, कारण तेथील हालचाल अल्प असते. मोठ्या काचेभोवती कठीण झालेल्या पुट्टीला भेगा पडतात.

गॅस्केट : काचेच्या दोन्ही बाजूंना दाबून बसवलेली रबरी पट्टी म्हणजे गॅस्केट. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वॉरन येथे वास्तुविशारद एरो सारिनेन यांनी जनरल मोटर्सच्या तंत्रकेंद्रासाठी मोटारगाड्यांच्या समोरील काचेप्रमाणे निओप्रीन रबराची गॅस्केट वापरली. हे केंद्र १९५६ मध्ये खुले झाले. आज ॲल्युमिनियमच्या चौकटींत ईपीडीएम रबर अधिक आढळते. गॅस्केट ताणून बसवल्यास ती कालांतराने आक्रसते आणि कोपऱ्यांत फट पडते. म्हणून ती किंचित जास्त लांबीची कापून कोपऱ्यात नीट जुळवावी लागते.

सीलंट : नळीतून भरल्यानंतर घट्ट होऊन रबरासारखे बनणारे द्रव्य. काचेसाठी प्रामुख्याने सिलिकॉन वापरतात, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. बसताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते. ते काही धातूंना व सिमेंटला मानवत नाही. अशा ठिकाणी उदासीन प्रकारचे सिलिकॉन निवडतात. सीलंट केवळ समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांना चिकटले पाहिजे. ते सांध्याच्या तळालाही चिकटले, तर मोकळेपणाने ताणले जाऊ शकत नाही. यासाठी सांध्यात आधी फोमची गोल दोरी बसवून तिच्यावर सीलंट भरतात.

पाऊस आत येण्याची कारणे व निचरा

गळती होण्यास पाणी, फट आणि पाण्याला आत लोटणारे बल या तिन्ही गोष्टी लागतात. गुरुत्व, थेंबांचा वेग, केशाकर्षण आणि वाऱ्याचा दाब ही अशी बले होत. सेकंदाला ३० मीटर वेगाचा वारा सुमारे ५४० पास्कल दाब निर्माण करतो. हा दाब पाणी ५५ मिलिमीटर उंच चढवण्यास पुरेसा असतो. पावसाळ्यात केवळ पाऊस पडत असताना न गळणारी खिडकी वादळी वाऱ्यात का गळते, हे यावरून समजते.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये या प्रश्नाची मांडणी करताना खुल्या पर्जन्यपटाचे तत्त्व स्पष्ट केले. बाहेरची कड पावसाचा मारा अडवते. आतली कड हवा अडवते. दोहोंमधील पोकळी लहान छिद्रांनी बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. आतली कड हवाबंद असल्यास पोकळीतील दाब बाहेरच्या दाबाइतका होतो आणि पाण्याला आत लोटणारे बल जवळजवळ उरत नाही. चुकून शिरलेले पाणी त्याच छिद्रांवाटे बाहेर पडते.

ही निचरा-छिद्रे चौकटीच्या तळाशी बाहेरच्या बाजूस असतात. ती गळतीची जागा समजून सिलिकॉनने बुजवल्यास पाणी खाचेत साचते आणि गळती वाढते.

दुहेरी काच

दोन काचांमध्ये कोरडी हवा किंवा वायू कोंडलेल्या संचाला कडेने दोन थरांची सांधाबंदी असते. आतला ब्युटिलचा थर बाष्प अडवतो, तर बाहेरचा सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइडचा थर काचा एकत्र धरतो. मधल्या पोकळ पट्टीतील शोषक द्रव्य उरलेला ओलावा टिपते. खाचेत पाणी साचून राहिल्यास ही सांधाबंदी खराब होते. काचांच्या आतील बाजूस धुके दिसू लागले आणि ते पुसता येत नसले, तर ती निकामी झाल्याचे समजावे. अशा वेळी संपूर्ण संच बदलावा लागतो.

बॉस्टनमधील जॉन हॅन्कॉक मनोरा

ताठर सांध्याचे परिणाम दाखवणारे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील बॉस्टन शहरात घडले. आय. एम. पेई यांच्या कार्यालयातील हेन्री कॉब यांनी रचलेल्या ६० मजली जॉन हॅन्कॉक मनोऱ्याच्या दुहेरी काचा १९७३ मध्ये, बांधकाम चालू असतानाच फुटून खाली पडू लागल्या. प्रत्येक संचाचे वजन २०० किलोग्रॅमहून अधिक होते. वारा वाढला की खालचे रस्ते बंद करावे लागत आणि रिकाम्या जागी प्लायवूड बसवले जाई. तपासात दोष कडेच्या सांध्यात आढळला. काचा व मधली शिशाची पट्टी डाखाने जोडलेली होती. वारा व तापमान यांमुळे होणारी वारंवार हालचाल हा सांधा सामावून घेईना. तो काचेला इतका घट्ट धरून होता, की त्यातील भेगा काचेतच उतरल्या. अखेर सर्व १०,३४४ काचा काढून त्यांच्या जागी एकेरी, उष्णतेने दृढ केलेली काच बसवण्यात आली.

देखभाल

पावसाळ्यापूर्वी निचरा-छिद्रे बारीक तारेने मोकळी करावीत. सीलंट कडेपासून सुटले असल्यास जुन्या थरावर नवा थर देऊ नये. नवे सिलिकॉन धुळकट, जुन्या सिलिकॉनवर नीट धरत नाही. जुना थर पूर्ण खरवडून, पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा करूनच नवे भरावे. उंच इमारतींत हे काम बाहेरून प्रशिक्षित कामगारांकडूनच करून घ्यावे.