अपील जिंकली, धडकेचं काय?

ऑगस्ट 2022. ब्रिस्बेनचं गाबा मैदान, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा सामना. कार्लटनचा कर्णधार पॅट्रिक क्रिप्स हवेतल्या चेंडूवर झेपावला, त्याच चेंडूवर ब्रिस्बेनच्या कॅलम आ चीचीही नजर होती. धडक झाली. डोक्याला मार बसलेला आ ची त्या सामन्यात पुन्हा खेळू शकला नाही आणि क्रिप्सवर दोन सामन्यांची बंदी आली. मंगळवारी लीगच्या शिस्तभंग ट्रायब्युनलने ती कायम केली, गुरुवारी रात्री उशिरा अपील मंडळाने उठवली. निकाल फिरला तो एवढ्यावर, की ट्रायब्युनलकडून कायद्याची चूक झाली आणि क्रिप्सला नैसर्गिक न्याय मिळाला नाही.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे तिथल्या लोकांची 'फूटी', क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानांवर खेळतात. प्रत्येक बाजूला 18 खेळाडू, ऑफसाइड नाही, त्यामुळे अंगावर येणारा कुठूनही येतो. शिक्षा ठरते ती तीन गोष्टींवरून: कृती मुद्दाम की निष्काळजी, आघात किती जोराचा, लागलं कुठे. आघाताची प्रतवारी एक पायरी खाली आणली, तरी बंदीचा सामना वाचतो. म्हणून क्लब वकील घेऊन उभे राहतात आणि व्हिडिओची एकेक चौकट थांबवून वाद घालतात.

त्यात पदकाचा प्रश्न असतो. ब्राउनलो पदक सर्वोत्तम आणि नियमाने खेळणाऱ्या खेळाडूचं. हंगामात बंदी आली की पंचांची मतं कितीही मिळोत, पदक नाही. 1997मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जच्या ख्रिस ग्रँटला सर्वाधिक मतं पडली होती, पण एका सामन्याच्या बंदीमुळे पदक रॉबर्ट हार्वीकडे गेलं. क्रिप्सने 2022चं पदक 29 विरुद्ध 28 अशा एका मताने जिंकलं. हंगामातल्या अखेरच्या सामन्यात त्याला तीन, म्हणजे एका सामन्यात मिळू शकणारी कमाल मतं मिळाली होती. बंदी टिकली असती, तर त्या सामन्यात तो खेळलाच नसता.

क्लबने दाद मागू नये, असं मी म्हणणार नाही. शिक्षा देणारा चुकू शकतो आणि खेळाडूची कारकीर्द छोटी असते. खटकतं ते हे, की प्रक्रियेच्या चुकीने निकाल रद्द झाला आणि मूळ प्रश्न तिथेच संपला. क्रिप्सला ती धडक टाळता आली असती का, याचा नव्याने फैसला झालाच नाही. सुनावणीत आ ची पक्षकार नव्हता. मार बसलेला खेळाडू तिथे पोचतो तो बहुधा डॉक्टरांच्या अहवालापुरता.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2023मध्ये, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर कॉलिंगवुडच्या ब्रेडन मेनार्डने प्रतिस्पर्धी संघाच्या अँगस ब्रेशॉची किक अडवायला उडी घेतली आणि हवेतूनच तो त्याच्यावर आदळला. ब्रेशॉ बेशुद्ध पडला, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. सामना पुनरावलोकन अधिकाऱ्याचा कल आरोप न ठेवण्याकडे होता, तरी लीगने प्रकरण थेट ट्रायब्युनलकडे पाठवलं. कॉलिंगवुडने आरोप नाकारला. पाय जमिनीवरून सुटल्यावर शरीराची दिशा बदलायला मेनार्डकडे वेळ होता का, यावर तज्ज्ञाची साक्ष झाली आणि तो सुटला. महिनाअखेरीस कॉलिंगवुडने चार गुणांनी अंतिम सामना जिंकला; मेनार्ड त्यात होता. फेब्रुवारी 2024मध्ये ब्रेशॉ डॉक्टरांच्या सल्ल्याने निवृत्त झाला. तेव्हा तो 28 वर्षांचा होता.

निकाल ब्रेशॉच्या बाजूने गेला नाही, तरी ही सुनावणी मला क्रिप्सच्या अपिलापेक्षा मोलाची वाटते, कारण तिथे वाद धडकेवरच झाला. आणि नियमातली फट उघडी पडताच लीगने 2024च्या हंगामाआधी ती बुजवली: किक अडवायला उडी मारणाऱ्यावर आता समोरच्याच्या डोक्याची जबाबदारी असते. पॉली फार्मर, डॅनी फ्रॉली आणि शेन टक या माजी फूटी खेळाडूंच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई हा डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडलेला आजार सापडला. एवढं कळल्यावर तांत्रिक चुकीवर सुटका आणि प्रकरण बंद, ही पद्धत चालू ठेवता येणार नाही. अपील मंडळाला चूक सापडली, तर त्याने निकाल रद्द करून प्रकरण नव्या ट्रायब्युनलपुढे पाठवावं आणि जखमी खेळाडूची इच्छा असेल, तर तिथे त्याचंही म्हणणं ऐकावं. सामना शनिवारी असला, तर ट्रायब्युनलने शुक्रवारी बसावं.