उकललेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं घर

इंग्लंडच्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोनजवळ १९६०च्या दशकात बाऊ बीच जलाशयाचं काम निघालं. बुडीत जमिनीवर ‘बे-लीफ’ नावाचं एक शेतघर होतं. त्याचा सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा. १९६८-६९मध्ये ते उकलण्यात आलं आणि आज ते वेस्ट ससेक्समध्ये, सिंगलटनच्या ‘वील्ड अँड डाउनलँड’ या खुल्या संग्रहालयात उभं आहे. ते वाचलं याचं निम्मं श्रेय मूळ सुतारांचं, कारण त्यांनी ते सुटं करता येईल अशाच रीतीनं जोडलं होतं.

घराचा सगळा भार पेलते ती ओकच्या लाकडांची चौकट. त्या काळी ओक वाळवत बसत नसत. ओलं लाकूड कुऱ्हाडीला आणि पटाशीला मऊ लागतं, वाळलं की लोखंडासारखं कडक होतं. एका लाकडाच्या टोकाला कूस काढायची, दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि आरपार ओकची खुंटी ठोकायची. यात एक कसब होतं. कुसेतलं भोक खाचेच्या भोकाशी नेमकं जुळवत नसत, किंचित सरकवून पाडत. खुंटी आत शिरताना सांधा ओढून घट्ट करी. प्रत्येक सांधा त्या दोन लाकडांपुरताच घडवलेला असल्यानं, उभारणीच्या वेळी घोटाळा नको म्हणून सुतार रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरून ठेवत. खांबांमधल्या जागा काठ्यांच्या विणीवर चिखल लिंपून भरत. कोकणातला कूड पाहिलेल्याला ही भिंत ओळखीचीच वाटेल.

बे-लीफ हे ‘वील्डन’ धाटणीचं घर आहे. मधे दोन खणांचं, थेट छपरापर्यंत मोकळं दालन, दोन्ही बाजूंना दुमजली भाग. त्यांचे वरचे मजले दर्शनी बाजूला पुढे आलेले, मधलं दालन मात्र आत राहिलेलं, आणि सगळ्यांवर एकच सलग छप्पर. दालनात जमिनीवरच चूल पेटे. धुराडं नव्हतं. धूर छपरात साचून हळूहळू वाट काढी आणि वाशांवर काजळी चढे. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज आणि झडपा.

पूर्वी अशा घराचं वय घाटावरून अंदाजानं सांगत. आता लाकडातली वार्षिक वलयं मोजून झाड कधी तोडलं ते कळतं. बे-लीफचा एका टोकाचा दुमजली भाग १५०९-१० सालच्या लाकडाचा, म्हणजे जुन्या दालनाहून बराच नंतरचा निघाला.

पुनर्उभारणीत संग्रहालयानं एक धाडसी निर्णय घेतला. नंतरच्या पिढ्यांनी धुराडं घातलं होतं, दालनात मजला टाकला होता. ते वगळून घर साधारण १५४०च्या रूपात मांडलं गेलं. त्यामुळे मध्ययुगीन दालन डोळ्यांना दिसतं, पण त्यात पुढं राहिलेल्या कुटुंबांच्या संसाराच्या खुणा गेल्या. जुन्या वास्तूंचं जतन करणाऱ्या प्रत्येकासमोर हा पेच असतो, आणि त्याला बिनतोड उत्तर नाही.

या संग्रहालयात आज पन्नासहून अधिक जुन्या इमारती आहेत. शिवाय लाकडी चौकटीच्या बांधकामाचे अभ्यासक्रमही तिथं चालतात. माझ्या मते संग्रहालयाचं अधिक मोलाचं काम हेच. घर हलवून एकदाच वाचवता येतं. पुढच्या वेळी त्याचा कुजलेला खांब बदलायला पटाशी धरणारा हातच लागेल.