चार ओहम आणि चार ओहम मिळून दोन ओहम!

रत्नागिरीच्या भाट्ये पुलाजवळ तुम्ही उभे आहात. काचा बंद असलेली एक मोटार शेजारून जाते. गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण ‘धम् धम्’ असा ठोका थेट छातीला जाणवतो. हा ठोका कोणाचा? मोटारीच्या डिकीत बसवलेल्या सबवूफरचा!

सबवूफर म्हणजे केवळ खर्जाचे आवाज काढणारा मोठा ध्वनिक्षेपक. ५० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर भरते. एवढ्या लांब तरंगांना मोटारीचा पत्रा किंवा काच फारशी अडवू शकत नाही. मात्र असा आवाज काढण्यासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते. त्याकरिता लागणारी विद्युतशक्ती विवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, पुरवतो.

आता समजा, हौसेखातर कोणी एकाऐवजी दोन सबवूफर त्याच विवर्धकाला जोडले. थोडा वेळ दणदणाट होतो. मग विवर्धक तापतो आणि सारे शांत! असे का व्हावे?

सबवूफरवर ‘४ ओहम’ असा आकडा छापलेला असतो. प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा हा एकूण अडथळा. त्याला संरोध म्हणतात. तो स्वराप्रमाणे कमीजास्त होतो, पण हिशेबाला छापील आकडा पुरतो. विवर्धक २० व्होल्ट देत असेल, तर ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह २० ÷ ४ = ५ अँपिअर आणि शक्ती २० × ५ = १०० वॅट.

दुसरा सबवूफर समांतर जोडला की प्रवाहाला दोन वाटा मिळतात. पाण्याच्या टाकीला एकाऐवजी दोन सारख्या तोट्या लावल्या, तर पाणी दुपटीने वाहते ना? तसेच येथे. एकूण संरोध २ ओहम, प्रवाह १० अँपिअर, शक्ती २०० वॅट. विवर्धक २ ओहमसाठी बनवलेला असेल तर ठीक. ४ ओहमच त्याची मर्यादा असेल, तर हा प्रवाह त्याला पेलत नाही. हेच दोन सबवूफर एकसर जोडले तर संरोध ८ ओहम होतो. विवर्धक सुरक्षित राहतो, पण दोघांना मिळून ५० वॅटच मिळतात.

म्हणून जोडणीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जोडणीचा एकूण संरोध विवर्धकाच्या किमान मर्यादेखाली जाऊ नये. दुसरी, दोघांची सतत पेलण्याची शक्ती जुळावी. ती ‘आर.एम.एस.’ या अक्षरांजवळ लिहिलेली असते. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा क्षणिक शक्तीचा असतो. विवर्धक लहान असला तरी धोका टळत नाही. त्याला अतिशय ताणले की तरंगांचे माथे कापले जातात, आवाज फाटतो आणि ध्वनिक्षेपकाचे वेटोळे तापून जळू शकते.

बॅटरीलाही विसरू नका. विवर्धकाने २०० वॅट द्यायचे आणि तेवढीच शक्ती उष्णतेत वाया जायची, तर बॅटरीकडून ४०० वॅट हवेत. १२ व्होल्टला हा प्रवाह ३३ अँपिअर होतो! बारीक तार तापून आग लागू शकते. म्हणून तार जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

हे तत्त्व तुम्हाला वर्गातही पाहता येईल. एक टॉर्चचा सेल आणि दोन सारखे लहान दिवे घ्या. दिवे एकसर जोडले की मंद लागतात. समांतर जोडले की दोन्ही उजळतात, पण सेल लवकर संपतो. हा प्रयोग मोटारीच्या बॅटरीवर मात्र करू नका.

आणि हो, सारे नीट जुळले तरी आपल्या कानांचे काय? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. विवर्धक जळला तर नवा आणता येतो. मोठ्या आवाजाने कानातील नाजूक केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

जाता जाता एक कोडे. दोन सबवूफर आहेत आणि प्रत्येकात ४ ओहमची दोन वेटोळी आहेत. विवर्धकाची किमान मर्यादा २ ओहम आहे. चारही वेटोळी समांतर जोडावीत का? कागद घ्या, आकृती काढा. उत्तर १ ओहम आले, तर तुमचे गणित बरोबर आणि जोडणी चूक! मग बरोबर जोडणी कोणती, ते तुम्हीच शोधा.