खांद्यावरचा घट्टा

श्रावण वद्य अमावास्या जवळ आली की अकोल्याच्या जुन्या शहरात, श्रीराजराजेश्वराच्या सान्निध्यात, पोळ्याची चाहूल लागते. येथील एका चौकाचे नावच मुळी पोळा चौक! झुली, बाशिंगे, रंगविलेली शिंगे पाहून डोळे निवतात. परंतु सणाचे मर्म, आम्हांस वाटते, आदल्या सायंकाळीच आहे. त्या वेळी वऱ्हाडातील शेतकरी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतो आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतो.

बालपणी आमचे सारे लक्ष झुलीकडे असे. एकदा वडिलांनी आमचा हात धरून बैलाच्या खांद्यावर ठेवला. जुवाने पडलेला घट्टा बोटांना लागला. ते एवढेच म्हणाले, "आपली भाकर इथून येते."

पुढे आम्ही संस्कृत शिकलो. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. शब्दाच्या मुळाशी जाणणे आहे, आभार नंतरचे. कीर्तनांतून ही व्युत्पत्ती आम्ही वर्षानुवर्षे सांगितली. मात्र पहाटे जाते ओढणाऱ्या मातोश्रींच्या तळहातांवरचे घट्टे आम्ही पाहिले ते त्यांच्या अखेरच्या आजारात. त्यांच्या पुरणपोळीची स्तुती पुष्कळ केली होती. हात कधी हाती घेतला नव्हता.

आता अनेक शिवारांत बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. घरोघरी मातीचे बैल पूजिले जातात. तेही योग्यच. तथापि सज्जनहो, नैवेद्य दाखविण्यापूर्वी, ज्यांच्या श्रमांवर आपले घर उभे आहे त्यांचा हात क्षणभर हाती घ्यावा. उशीर मात्र करू नये.