दोन गुंठ्यांचा चौरस

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. आता दोन गुंठ्यांचा चौरस आखायचा झाला, तर त्याची बाजू किती धरायची?

पटकन ६६ मनात आलं ना? साहजिक आहे. पण ६६ फुटांचा चौरस कागदावर काढून बघा. त्यात ३३ फुटांचे चार चौरस बसतात. मागितले दोन गुंठे आणि आखले चार!

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात एक गुलाम मुलगा नेमकी हीच चूक करतो. तो भूमिती शिकलेला नाही. सॉक्रेटिस दोन फूट बाजूचा चौरस काढतो, त्याचं क्षेत्रफळ चार, आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? मुलगा म्हणतो, चार फूट. आकृतीत मोजल्यावर सोळा निघतात. मग तो तीन फूट सांगतो, तर नऊ निघतात. हवे आहेत आठ. शेवटी तो म्हणतो, मला माहीत नाही. सॉक्रेटिसच्या मते मुलगा इथेच पुढे सरकला, कारण आपल्याला कळत नाही एवढं तरी त्याला कळलं. मग उत्तर सापडतं ते कर्णावर. कर्णामुळे चौरसाचे दोन त्रिकोण होतात. कर्णावर उभ्या केलेल्या चौरसात तसे चार मावतात. म्हणून क्षेत्रफळ दुप्पट. आपल्या दोन गुंठ्यांची बाजू म्हणजे ३३ फुटी चौरसाचा कर्ण, सुमारे ४६ फूट ८ इंच.

ज्ञान म्हणजे आत्म्याचं स्मरण, हा प्लेटोचा निष्कर्ष आपण मान्य करू किंवा न करू. पण सातवीचा पेपर काढताना या प्रसंगातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. आपण विचारतो, ‘चौरसाची बाजू ६ सेंमी, क्षेत्रफळ काढा.’ ३६ लिहिलं की पूर्ण गुण, २४ लिहिलं की शून्य. खरं तर २४ वरून आपल्याला काहीतरी कळतं: मुलाने परिमिती काढली, कड आणि आतली जागा यांत त्याचा गोंधळ आहे. उलट नुसत्या ३६ वरून काय कळतं? सहा सक छत्तीस येतं, एवढंच.

त्याऐवजी असं विचारलं तर? ‘चौरसाची बाजू दुप्पट केली, तर क्षेत्रफळ किती पट होईल? आकृती काढून दाखवा.’ किंवा, ‘२४ सेंमी दोऱ्याने दोन वेगवेगळे आयत करा. जागा सारखीच घेरली जाते का?’ ६ बाय ६ मध्ये ३६ चौरस सेंमी, ११ बाय १ मध्ये फक्त ११. चौकटीच्या कागदावर मूल हे स्वतः मोजून बघतं.

असे पेपर तपासायला वेळ लागतो, हे आम्ही शिक्षक जाणून आहोत. पण हीच मुलं उद्या जमिनीचे व्यवहार करणार आहेत, आणि तिथे गोंधळ झाला तर दोन गुणांवर भागत नाही.