टॉप फ्लोअर, लो प्रेशर!

सकाळचे सात वीस. डोक्याला शॅम्पू, डोळे मिटलेले आणि अचानक अंगावर बर्फासारखं पाणी! बाथरूमच्या भिंतीवरचा गॅस गीझर 'टक्-टक्-टक्' करतो, पेटतो, अर्ध्या मिनिटात पुन्हा विझतो. नळ जरा जास्त उघडावा तर धार तेवढीच. शेवटी गार पाण्यानेच केस धुवायचे आणि नेरूळ स्टेशनकडे पळत सुटायचं. महिनाभर माझं हेच चाललं होतं.

घर घेताना बिल्डरच्या माणसाने सातव्या मजल्याचं कौतुक केलं होतं. 'मॅडम, टॉप फ्लोअर! व्ह्यू बघा, हवा बघा.' पाण्याबद्दल मी विचारलं नाही आणि तो बोलला नाही.

पहिला मेकॅनिक आला. सेल बदलले, आत स्क्रू फिरवला. 'आता कमी प्रेशरलाही पेटेल, टेन्शन नको.' पाचशे रुपये. आणि खरंच, गीझर पेटायला लागला. धार मात्र करंगळीएवढीच राहिली.

त्याच आठवड्यात रेडिंगला असलेल्या मित्राशी फोनवर बोलणं झालं. मी रडगाणं सुरू केलं तर तो म्हणाला, 'अगं, आमच्याही बॉयलरचं प्रेशर सारखं पडतंय!' तिकडे घर गरम ठेवायला तेच ते पाणी बंद पाइपांतून फिरत असतं. बॉयलरवरचा काटा थंड असताना साधारण एक ते दीड बारवर हवा. तो खाली आला की पाणी भरायचं. पण सारखं सारखं भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर आतला एखादा भाग गेलाय. 'प्रेशर पडणं हा आजार नाही, ताप आहे. आजार दुसरीकडेच असतो,' तो म्हणाला. मी हसले आणि विसरले.

आईची अंघोळ

जानेवारीत आई साताऱ्याहून आली. नवी मुंबईची थंडी ती काय, पण आईला बाथरूमची खिडकी उघडी चालत नाही. रविवारी तिने डोक्यावरून अंघोळ केली. बादली भरता भरत नव्हती, गीझर मात्र पेटलेलाच. ती बाहेर आली ती भिंतीला धरून. 'अगं, गरगरतंय. रात्री नीट झोप नाही ना झाली.'

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आधी बीपी नाही विचारलं. विचारलं, 'गीझर गॅसचा आहे का? बाथरूमच्या आत? खिडकी बंद होती?' तीनदा 'हो' म्हणताना माझे हातपाय गार पडले. आईला ऑक्सिजन लावला आणि संध्याकाळी ती ठणठणीत घरी आली. पण बंद बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डॉक्टरमंडळींनी या प्रकाराला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावच दिलंय, आणि दर हिवाळ्यात यात माणसं दगावल्याच्या बातम्या येतात.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धार बारीक, म्हणून बादली भरायला दुप्पट वेळ. तेवढा वेळ गीझर पेटलेला, तोही बंद खोलीत. आधी कमी प्रेशरला तो विझत होता, ते खरं तर बरंच होतं. आम्ही पैसे देऊन त्याचं विझणं बंद केलं होतं!

बादली आणि घड्याळ

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे जुने प्लंबरकाका आले. त्यांनी गीझरला हातही लावला नाही. 'बादली आणा आणि मोबाइलवर टाइम लावा.' सोळा लिटरची बादली गरम नळाने भरायला आठ मिनिटं, गारने सहा. 'म्हणजे दुखणं दोन ठिकाणी आहे,' काका म्हणाले. 'फक्त गरम नळ हळू असता, तर दोष गीझरचा. दोन्ही हळू आहेत, म्हणजे लाइनमध्येही काहीतरी आहे.'

गीझरच्या पाणी येण्याच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. ती वाळूने भरलेली निघाली. मग गच्चीवर गेलो. टाकीतून आमच्या बाजूला उतरणाऱ्या पाइपचा वॉल अर्धा बंद! टाकी साफ करणाऱ्यांनी तो बंद केला होता आणि नंतर पूर्ण उघडलाच नव्हता. वाळूही त्याच साफसफाईत सुटलेली. तारखा जुळवल्या, तर माझं रडगाणं नेमकं त्याच आठवड्यात सुरू झालं होतं. वॉल उघडला, जाळी धुतली. गरम पाण्याची बादली चार मिनिटांत भरली. खर्च शून्य.

गंमत उंचीची

पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार प्रेशर. गच्चीवरच्या टाकीपासून माझा शॉवर जेमतेम तीन मीटर खाली, म्हणजे 0.3 बार. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना मात्र त्याच टाकीतून दोन बार! गॅस गीझरमध्ये एक पडदा असतो. पाण्याच्या जोराने तो सरकला की गॅस सुरू होतो. बऱ्याच गीझरना त्यासाठी पाव बारच्या आसपास प्रेशर लागतं. म्हणजे टॉप फ्लोअरवाले कायम काठावर पास. त्यात सकाळी सात ते नऊ सगळी बिल्डिंग नळ सोडून बसलेली.

महापालिकेला शिव्या घालून इथे उपयोग नाही. नवी मुंबईला खालापूर तालुक्यातलं स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण आहे. पण तिथलं पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि पंपाने गच्चीवर चढतं. धरण काठोकाठ भरलं तरी माझा शॉवर टाकीच्या खाली तीनच मीटर!

तुमच्याकडेही होतंय?

- गार आणि गरम, दोन्ही नळांनी बादली भरून वेळ लिहा. एकदा सकाळी, एकदा दुपारी.
- फक्त गरम हळू असेल, तर गीझरची जाळी साफ करून घ्या. दोन्ही हळू असतील, तर गच्चीवरचे वॉल बघा.
- फक्त सकाळीच हळू असेल, तर भार वाटून घेण्याचा प्रश्न आहे. सोसायटीच्या परवानगीने गच्चीच्या टाकीनंतर छोटा बूस्टर पंप बसवता येतो. महापालिकेच्या लाइनवर थेट पंप मात्र कधीच नाही. ते बेकायदा आहेच, शिवाय फुटक्या पाइपांतून बाहेरची घाण आत ओढली जाते.
- गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. कमी प्रेशरला पेटवण्यासाठी आत 'सेटिंग' करू देऊ नका.
- अंघोळीत गरगरलं, मळमळलं, डोकं दुखलं, तर गीझर बंद, दार-खिडकी उघडी, लगेच बाहेर आणि थेट डॉक्टर.

मी गॅस गीझर काढूनच टाकला. आता पंधरा लिटरचा विजेचा आहे. पाणी तापायला वीस मिनिटं लागतात, पण धार बारीक असली तरी तो रुसत नाही. सहा पन्नासला उठून बटण दाबावं लागतं, एवढाच काय तो त्रास.

आई परवा फोनवर विचारत होती, 'तुझ्या त्या गीझरचं काय झालं गं?' म्हटलं, 'गेला.' ती म्हणाली, 'बरं झालं. आता खिडकी लावून घेत जा, सर्दी होईल.'