आठवड्याचा हवामान अंदाज आणि आठवडी बाजार

गावोगावच्या आठवडी बाजारात कापड, चादरी, लुंग्या आणि तयार कपडे घेऊन फिरणाऱ्या आपल्या बांधवांची रोजी पावसाळ्यात आभाळावर अवलंबून असते. माल भिजला तर भांडवल जाते, आणि धास्तीने घरी बसले तर आठवड्याची कमाई जाते. हवामान खात्याचा अंदाज बहुतेक जण ऐकतात, पण त्यातील शब्दांचा नेमका अर्थ थोड्यांनाच ठाऊक असतो. आम्ही कापडाच्या धंद्यात राहून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

'तुरळक ठिकाणी' पाऊस म्हणजे विभागातील फार तर पाव भाग केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या आणि 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्या ते पाऊण केंद्रांवर. म्हणून मराठवाड्यात तुरळक पाऊस सांगितला, तर आपले गाव कोरडे राहण्याचा संभव अधिक. अशा दिवशी ताडपत्री सोबत घ्यावी आणि बाजार करावा.

पावसाचे मापही समजून घ्यावे. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे मुसळधार, अशी वर्गवारी आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद पालावर ४० मिलिमीटर पाऊस पडला, तर २४० लिटर पाणी पडले. खाते याला 'मध्यम'च म्हणते. पण कपड्याच्या गठ्ठ्यांना तो मध्यम नाही! पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने बचाव करा. नारंगी असेल तर भारी माल गोदामातच ठेवावा.

विजांच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये. झाडाखाली पाल लावण्याची आपली सवय अशा दिवशी जिवावर बेतू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते.

आता आपल्या गावाचा अंदाज कोठे मिळतो ते पाहू. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय पाच दिवसांचा अंदाज 'मेरी पंचायत' ॲपवर देण्यास सुरुवात झाली. मे २०२५ मध्ये खात्याने १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीने हिशेब करणारी पद्धत आणली. तरीही एका चौकटीत अनेक शिवारे येतात. एका शिवारात सरी पडतात आणि शेजारचे कोरडे राहते. शिवाय पाचव्या दिवसापेक्षा पहिल्या दोन दिवसांचा अंदाज अधिक भरवशाचा असतो. म्हणून माल भरण्याचा विचार आधी करावा, पण पक्का निर्णय आदल्या संध्याकाळी ताजा अंदाज पाहूनच घ्यावा.

उधारी देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग शेतकऱ्यांना देतो. तेवढा पाऊस होईपर्यंत शेतकऱ्याचा पैसा बियाणे व खतासाठी राखलेला असतो. पेरणीनंतर पावसाने मोठा खंड दिला तर दुबार पेरणी येते आणि आपली वसुली थेट दिवाळीपलीकडे जाते. गिऱ्हाईक बेइमान नसते, त्याचा हातच रिकामा असतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो पाहूनच उधारीची मर्यादा ठरवावी.

त्याच सल्ल्यात सकाळ-दुपारची आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग दिलेला असतो. तो रंगारी आणि विणकर बांधवांच्या कामाचा आहे. आर्द्रता जास्त व वारा कमी असेल तर रंगवलेल्या लड्या लवकर वाळत नाहीत, आणि खळ दिलेले कापड ओलसर घडी घातले तर त्यावर बुरशी धरते. असे दोन-तीन दिवस दिसत असतील तर रंगाचे काम पुढे ढकलावे. उलट कोरड्या हवेत सुती धागा जास्त तुटतो. तेव्हा मागाच्या खोलीत जमिनीवर पाणी शिंपडावे.

अंदाज म्हणजे हमी नव्हे. पण बाजाराचा भाव विचारल्याशिवाय आपण माल उचलत नाही; तसेच आभाळाचा भाव विचारल्याशिवाय टेम्पो भरू नये.